डोळे मिटल्यावर बाबांचा चेहरा का दिसत नाही?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करण्याचं काम करते. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. मध्यंतरी एका ध्यानवर्गाला गेले होते. तिथे सांगितलं, "डोळे मिटा, आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाचा चेहरा समोर आणा आणि शांतपणे पाहत राहा." मी डोळे मिटले. नुसता काळोख. बाकीच्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नंतर विचारलं तेव्हा कळलं की त्यांना खरोखरच काहीतरी दिसत होतं! मला आजवर वाटायचं, ही नुसती बोलायची पद्धत आहे. घरी येऊन भावाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा मला रोज दिसतात. शेवटच्या दिवसांतला चेहरा तर नको असताना येतो." मला असं जागेपणी कधीच काही दिसलेलं नाही. बाबा नाहीत, जुनं घर नाही, काहीच नाही. स्वप्नात मात्र दिसतं. बाबांचा फोटो पाहिला की रडू आवरत नाही, पण डोळे मिटले की सगळं कोरं. वर्ग घेणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "मन लावून प्रयत्न करा, सगळ्यांना जमतं." माझ्या मेंदूत काही बिघाड आहे का? की बाबांवर माझं प्रेमच कमी होतं? यावर काही उपाय? आणि माझी आठ वर्षांची मुलगीही अशीच निघाली तर?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

बाबांवर प्रेम कमी होतं का, या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत. नाही, कमी नव्हतं. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. चेहरा मनात दिसणं आणि माणूस मनात असणं या मेंदूच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली नसताना दुसरी शाबूत असते हे प्रयोगांतून चांगलंच दिसून आलेलं आहे. तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे. फोटो पाहिला की रडू येतं असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्याकडे मी पुन्हा येईन.

तुम्ही वर्णन केलंत त्याला अफँटेशिया म्हणतात. जागेपणी, स्वतःच्या इच्छेने मनात चित्र उभं न राहणं. हे नाव अलीकडचं आहे. एक्सेटर विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अशा 21 जणांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा ते रूढ झालं. त्या सगळ्यांची गोष्ट थोडीफार तुमच्यासारखीच होती: जन्मापासून असंच, आणि कधीतरी मोठेपणी एखाद्या साध्या बोलण्यातून अचानक कळलं की इतरांना दिसतं. त्यातल्या बहुतेकांना स्वप्नं मात्र चित्रांसकट पडत होती. म्हणजे तेही तुमच्यासारखंच.

ही गोष्ट मात्र नावापेक्षा कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1880 मध्ये लोकांना विचारलं होतं की आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल मनात आणा. चित्र किती उजळ आहे, कडा किती स्पष्ट आहेत, रंग दिसतात का, ते सांगा. प्रश्न त्यांनी आधी वैज्ञानिक मंडळींना पाठवला आणि त्यांना धक्काच बसला. त्यातल्या बऱ्याच जणांनी कळवलं की असं काही मनात दिसतं हेच आम्हाला ठाऊक नाही, ही केवळ भाषेची लकब असावी. तुम्हाला वाटत होतं तेच, आणि वाटणारे लोक विज्ञानात नाव कमावलेले. अजिबात चित्र न दिसणारे शंभरात साधारण एक, आणि अगदी पुसट दिसणारे त्यात धरले तर चारच्या आसपास, असं अलीकडच्या पाहण्यांतून दिसतं. त्या ध्यानवर्गात बरीच मंडळी असतील, तर काळोख पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच नसालही. बाकीचे गप्प बसले असतील.

आता बिघाडाचा प्रश्न. त्यासाठी थोडं मागे जाऊन, उघड्या डोळ्यांनी दिसतं तेव्हा काय होतं ते पाहायला हवं. आपण समजतो की डोळा कॅमेऱ्यासारखा फोटो काढतो आणि मेंदू तो पाहतो. तसं होत नाही. हात लांब केला तर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग डोळ्याला एका वेळी खरा स्पष्ट दिसतो. बाकी सगळं धूसर. डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारतात आणि त्या तुकड्यांतून मेंदू एक सलग, स्थिर जग तयार करतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर मध्ये एक ठाणं आहे, थॅलॅमस नावाच्या भागात. तिथे डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या कमी आणि खुद्द मेंदूकडून उलट येणाऱ्या जास्त आहेत. मेंदू नुसता पाहत बसत नाही. तो सतत अंदाज बांधतो आणि डोळ्याकडून आलेल्या खुणांशी ताडून बघतो.

खात्री करायची असेल तर आत्ताच करून पाहा. कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीवर नजर रोखा आणि कागद चेहऱ्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर धरून हळूहळू पुढेमागे करा. एका जागी ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातल्या मज्जातंतूंची जुडी जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, हा अंधबिंदू. पण ठिपका जातो तिथे भोक दिसतं का? नाही. कोरा कागद दिसतो. रेषा मारलेला कागद असेल तर रेषाही सलग दिसतात. त्या जागेवर डोळ्याने काहीच पाहिलेलं नसतं, तरी मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात काहीही विश्वासावर घ्यावं लागत नाही.

पाहणं हेच जर इतकं आतून रचलेलं असेल, तर डोळे मिटूनही काही रचता येणं यात नवल नाही. बहुतेकांच्या मेंदूत तेच होतं: पाहताना माहिती ज्या वाटेने मागून पुढे जाते, कल्पना करताना साधारण त्याच वाटेने उलटी येते. मेंदूत चेहरे पाहिल्यावर जागा होणारा एक भाग आहे, आणि ठिकाणं पाहिल्यावर जागा होणारा दुसरा. चेहऱ्याची नुसती कल्पना केली तरी पहिला जागा होतो आणि ठिकाणाची केली तर दुसरा, हे 2000 मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं गेलं. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेवर चालतात याचा एक जुना पुरावा तर फारच सुंदर आहे. 1910 मध्ये मेरी चीव्हज पर्की या संशोधिकेने लोकांना समोरच्या काचेकडे बघत केळ्याची कल्पना करायला सांगितली, आणि त्यांच्या नकळत काचेवर मागून केळ्याचं अगदी फिकट चित्र टाकलं. लोकांना ते आपल्याच मनातलं वाटलं! काहींना एवढंच नवल वाटलं की आपण आडवं केळं मनात धरत होतो, हे उभं कसं आलं.

तुमच्यासारख्यांच्या बाबतीत ही उलटी वाट जाणिवेतलं चित्र उमटण्यापर्यंत पोहोचत नाही. नेमकी कुठे आणि का अडते यावर अजून काम चालू आहे. पण वाट अडली म्हणजे वाटेच्या त्या टोकाला असलेली शिदोरी हरवली असं होत नाही, आणि हाच तुमच्यासाठी महत्त्वाचा मुद्दा आहे. तो पटावा म्हणून दोन माणसांच्या हकिगती सांगते.

पहिली झीमन यांच्याच एका रुग्णाची. साठी ओलांडलेले, निवृत्त सर्वेक्षक. हृदयावरच्या एका उपचारानंतर त्यांना मनात काहीच दिसेनासं झालं. आधी त्यांना रोज झोपताना आप्तांचे चेहरे, ठिकाणं मनात आणायची सवय होती, म्हणून फरक लगेच जाणवला. त्यांना विचारलं, गवत जास्त फिकट हिरवं की पाइनची झाडं? त्यांनी बरोबर उत्तर दिलं. पाहून नाही, बस्स, माहीत होतं म्हणून. प्रसिद्ध लोकांचे फोटो दाखवले तर त्यांचा मेंदू इतरांसारखाच प्रतिसाद देत होता. तेच चेहरे कल्पायला सांगितले तर मागचे दृश्याचे भाग फारसे जागे होत नव्हते आणि पुढचे भाग इतरांपेक्षा जास्त काम करत होते. ज्ञान जागेवर होतं, चित्र नव्हतं.

दुसरी हकिगत इटलीतल्या मिलानची. एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुत्साती यांनी ती 1978 मध्ये प्रसिद्ध केली. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्याने डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच न जाणारे दोन रुग्ण. त्यांना शहरातला ओळखीचा मोठा चौक, पियाझा देल दुओमो, मनात आणायला सांगितलं: तुम्ही चौकाच्या त्या टोकाला उभे आहात, समोर कॅथेड्रल आहे, काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या जवळजवळ गाळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा, पाठ कॅथेड्रलकडे. आता काय दिसतं? मघाशी गाळलेल्या इमारती, ज्या आता उजवीकडे आल्या होत्या, त्या त्यांनी धडाधड सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. संपूर्ण चौक त्यांच्याजवळ होता. मनाच्या नजरेला एका वेळी अर्धाच सापडत होता. तुमची गोष्ट वेगळी आहे, तुमच्या मेंदूला इजा झालेली नाही. पण नजरेला न सापडणं आणि जवळ नसणं यात केवढं अंतर आहे हे मला या हकिगतीइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसलेलं नाही.

एखादं गाणं शब्दन् शब्द, जागान् जागा माहीत असावं आणि गळ्यातून सूर मात्र उमटू नये, तशी तुमची अवस्था आहे. गाणं तुम्हाला येत नाही असं कोणी म्हणणार नाही.

आता "मन लावून प्रयत्न करा" या सल्ल्याबद्दल. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे आणि दुखावणारा आहे. प्रयत्न कमी पडत नव्हता, हे मोजता येतं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये डोळ्यांच्या बाहुल्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उजेडात बाहुली आकुंचते हे आपण जाणतोच. ज्यांना चित्र दिसतं त्यांनी उजळ आकृतीची कल्पना केली तर त्यांच्या बाहुल्या गडद आकृतीच्या तुलनेत लहान होत होत्या. मनातल्या उजेडाला डोळा खऱ्या उजेडासारखा प्रतिसाद देत होता. अफँटेशिया असलेल्यांच्या बाहुल्यांत असा फरक दिसला नाही. पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती. एकाऐवजी चार आकृत्या मनात आणायला सांगितल्या की त्यांच्याही बाहुल्या इतरांसारख्याच विस्फारत होत्या, आणि मेंदूवर ताण पडला की बाहुली विस्फारते. म्हणजे ही माणसं आळस करत नव्हती, जीव तोडून प्रयत्न करत होती. फळ तेवढं उमटत नव्हतं. ध्यानवर्ग, समुपदेशन, शिकवणी घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि आता फोटो पाहून येणाऱ्या रडण्याकडे वळते. त्याच विद्यापीठातल्या गटाने 2021 मध्ये दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून भीतिदायक प्रसंग वाचायला दिले आणि त्यांच्या त्वचेवरचा घामाचा सूक्ष्म बदल मोजला. चित्र दिसणाऱ्यांच्या अंगावर गोष्ट पुढे सरकेल तसा परिणाम चढत गेला. अफँटेशिया असलेल्यांचा आलेख जवळपास सपाट राहिला. इथेच थांबलो तर कोणीही म्हणेल की या लोकांना भावनाच कमी. पण मग दोन्ही गटांना भीतिदायक फोटो दाखवले, आणि तेव्हा दोघांचाही प्रतिसाद सारखा आला. भावनेत खोट नव्हती. शब्दांपासून भावनेपर्यंत जाताना इतरांना मध्ये चित्राचा आधार मिळतो, तो यांना मिळत नव्हता, एवढंच. तुम्ही घरी नकळत हाच प्रयोग केलात. डोळे मिटले, चित्र आलं नाही, डोळे कोरडे राहिले. फोटो पाहिला, रडू कोसळलं. यावरून तुमच्या प्रेमाबद्दल काय सिद्ध होतं ते तुम्हीच पाहा.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे: बाबांची आठवण काढायची असेल तेव्हा डोळे उघडे ठेवा. फोटो घ्या, आणि त्याहून चालताबोलता व्हिडिओ असेल तर तो. आवाजाचं रेकॉर्डिंग शोधा. कोणाच्या फोनमध्ये एखादा लांबलेला निरोप पडला असेल तर मागून घ्या, आणि लवकर मागा, कारण लोक फोन बदलतात. त्यांचं अक्षर, त्यांचा चश्मा, घड्याळ हाताशी ठेवा. तुम्हाला मनात आवाज ऐकू येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काहींना चित्र नसतं पण आवाज स्पष्ट येतो, काहींना स्पर्श किंवा वास आठवतो, काहींना यातलं काहीच नाही. तुमचं काय आहे ते सावकाश तपासा. जे दार उघडं असेल त्याने आत जा.

दुसरं, लिहून ठेवा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी 1973 मध्ये मनातल्या चित्रांचा ठळकपणा मोजायला 16 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरतात. तिच्यात सुरुवातीलाच एका जवळच्या माणसाबद्दल विचारलंय: चेहऱ्याची, खांद्यांची ठेवण, डोकं धरण्याची लकब, चालताना पावलांमधलं अंतर, ओळखीच्या कपड्यांचे रंग. तिथे प्रश्न असतो, हे किती स्पष्ट दिसतं? तुम्ही तो बदलून घ्या: याबद्दल मला काय माहीत आहे? बाबा जिना चढताना कोणता पाय आधी टाकायचे, हसताना तोंडावर हात न्यायचे का, रागावले की आवाज चढायचा की उतरायचा? पानं भरतील आणि तुमचं तुम्हालाच नवल वाटेल. हे मी केवळ मन रमवायला सुचवत नाही. प्रामाणिकपणे सांगायला हवं की अफँटेशिया असलेल्या बऱ्याच जणांना स्वतःच्या आयुष्यातले जुने प्रसंग इतरांपेक्षा कमी तपशिलात आठवतात. अलीकडे काही ठिकाणी अफँटेशिया ही कशी देणगीच आहे असं लिहिलेलं वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. काही गोष्टी तुम्हाला खरंच अवघड जाणार आहेत, आणि त्यासाठी डायरी आणि फोटो हे हक्काचे आधार आहेत. ते घेण्यात कमीपणा कसला?

तुमच्या कामाचं मात्र मला जराही नवल वाटलं नाही. चित्र दिसत नसताना यंत्रांचे भाग कसे काय रेखाटते, असं लोक तुम्हाला आता विचारतील. वस्तूचं रूप आणि वस्तूची जागा, हे मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाटांनी हाताळतो. शिकागो विद्यापीठाच्या विल्मा बेनब्रिज यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना खोल्यांचे फोटो दाखवून नंतर आठवणीतून काढायला लावले. अफँटेशिया असलेल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरले, कुठे कुठे चित्राऐवजी नावंच लिहिली. पण काढलेल्या वस्तू योग्य जागी, योग्य आकाराच्या होत्या, आणि फोटोत नसलेल्या वस्तू घुसडण्याची चूक त्यांनी इतरांपेक्षा कमी केली. ड्रॉइंग करणाऱ्या माणसाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोणतं? पिक्सार ही ॲनिमेशनची कंपनी उभारणाऱ्यांपैकी एक, एड कॅटमल, यांनाही मनात काहीच दिसत नाही. चित्रांवर उभ्या राहिलेल्या धंद्यात त्यांचं काही अडलं नाही.

भावाबद्दल थोडं. त्याचं दिसणं ही तुमच्या न दिसण्याची उलट बाजू आहे, आणि तिचा हेवा करण्याआधी त्याचं दुसरं वाक्य पुन्हा वाचा: शेवटच्या दिवसांतला चेहरा नको असताना येतो. ठळक चित्रं उमटणाऱ्यांना ती बोलावल्याशिवायही येतात, आणि दुःखात, धक्क्यानंतर ती फार छळू शकतात. त्याला विचारा, रात्री झोप लागते का. ती चित्रं थांबत नसतील आणि कामात अडथळा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याने जावं, तुम्ही नाही. शिवाय त्याला दिसतो तो चेहरा म्हणजे साठवलेला फोटो आहे असंही समजू नका. 1985 मध्ये डेबोरा चेंबर्स आणि डॅनिएल राइसबर्ग यांनी एक गमतीचा प्रयोग केला. एका बाजूने बदक आणि दुसऱ्या बाजूने ससा वाटणारं ते प्रसिद्ध चित्र लोकांना थोडा वेळ दाखवलं. ज्याला बदक दिसलं त्याला म्हणाले, आता ते मनात आणा आणि त्यात दुसरं काही दिसतं का पाहा. मनातल्या चित्रात एकालाही दुसरा प्राणी सापडला नाही. मग तेच चित्र आठवणीतून कागदावर काढायला सांगितलं. काढल्यावर, स्वतःच काढलेल्या रेघांकडे पाहून, सगळ्यांना तो सापडला. कागदावरच्या रेघांत नवं काही सापडतं. मनातलं चित्र आपण त्याला जो अर्थ देऊन ठेवला तेवढंच राहतं. म्हणजे भावाच्या मनातले बाबा हे भावाने समजून घेतलेले बाबा आहेत. जुने फोटो घेऊन एकदा दोघं शेजारी बसा. त्याला तुमच्याकडून तपशील मिळतील, तुम्हाला त्याच्याकडून.

उपायाचं विचारलंत. जन्मजात अफँटेशिया हा आजार मानला जात नाही, आणि मनात चित्र उमटवून देईल असा खात्रीचा सिद्ध झालेला उपचार आज नाही. इंटरनेटवर अमुक आठवड्यांत मनःचक्षू उघडून देणारे वर्ग विकले जातात. त्यांत पैसे घालू नका. डॉक्टरांकडे मात्र कधी जावं, तर आधी दिसत असलेली चित्रं अचानक बंद पडली तर. मेंदूला मार लागणं, पक्षाघात, तीव्र नैराश्य अशा कारणांनी तसं होऊ शकतं आणि ते तपासायलाच हवं. तुम्हाला पहिल्यापासूनच असं आहे, तेव्हा ती काळजी नको.

ध्यान सोडायचीही गरज नाही. श्वास, पावलांचा जमिनीला होणारा स्पर्श, एखादा टिकून राहणारा आवाज, उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडे पाहणं, यातलं काहीही घ्या. वर्गात "समोर आणा" असं सांगतील तेव्हा तुम्ही मनातल्या मनात त्या माणसाबद्दल एक एक गोष्ट शब्दांत म्हणत राहा. पुढे कधी समुपदेशनाला गेलात तर पहिल्याच भेटीत सांगून टाका की मला चित्र दिसत नाही, कारण काही उपचारपद्धतींत डोळे मिटून प्रसंग पाहायला सांगतात आणि तिथे तुमचा वेळ फुकट जाईल.

राहिली मुलगी. अफँटेशिया एका घरात एकाहून जास्त जणांना असण्याची शक्यता योगायोगापेक्षा जास्त असते असं दिसतं, पण आईला आहे म्हणून मुलीला असेलच असं नाही. तिची परीक्षा घेतोय असं वाटू न देता, खेळता खेळता विचारा: डोळे मिटून हत्ती मनात आण, त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे? दिसणारी मुलं पटकन डावीकडे-उजवीकडे सांगतात, न दिसणारी "म्हणजे काय?" अशा नजरेने बघतात. यावरून पक्कं काही ठरत नाही, पण बोलणं सुरू होतं. तिला दिसत असेल तर आईला दिसत नाही हे तिला सांगा. मुलांना अशा गोष्टींची फार मजा वाटते. दिसत नसेल तर शाळेत बाईंना एवढंच कळवा की "चित्र डोळ्यांसमोर आणा" असं सांगून शिकवलेलं हिला तसंच्या तसं पोहोचणार नाही, तिला कागद-पेन्सिल द्या, वस्तू हातात द्या, आकृती काढून दाखवा. गणितातला प्रश्न असो की गोष्टीतलं जंगल, ती कागदावर काढेल आणि मग त्याकडे बघून विचार करेल. तुम्ही रोज कामावर तेच करता, तेव्हा हे तिला शिकवायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं कोण आहे?